साठ दिवस टिकलेलं डाळिंब

मार्च २०२५ मध्ये ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाच्या ४,६२० पेट्या, म्हणजे सुमारे १४ टन माल, बोटीने पाच आठवड्यांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचला. विमानाने पाठवलेलं डाळिंब भाड्यातच महागतं. बोट स्वस्त, पण तिच्यात फळ टिकायला हवं. त्याची तजवीज आधीच झाली होती. सोलापुरात २००५ पासून असलेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या साथीने साठवणीची चाचणी घेतली गेली आणि फळ साठ दिवस चांगलं राहिलं.

डाळिंबाला गारवा हवा, पण बेतानं. पाच अंशांखाली फार दिवस राहिलं तर साल तपकिरी पडते, दाण्यांचा रंग उतरतो. पारा चढला तर बुरशी धरते, वजन घटतं. म्हणून रीफर, म्हणजे थंडावा राखणाऱ्या, कंटेनरमध्ये पेट्यांसोबत डेटा लॉगर जातो आणि ठरावीक वेळाने तापमान टिपतो. साधा लॉगर फळ वाचवत नाही, तो फक्त साक्ष देतो. तीही मोलाची. खरेदीदार ‘माल खराब आला’ म्हणत पैसे कापू लागला, की बंदरात कंटेनरची वीज गेली होती की गरम फळच भरलं होतं, हे आलेखावर दिसतं. सिमकार्डवाला लॉगर तर वाटेतच खबर देतो, तेव्हा काही करता येतं.

कागदांची बाजू शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या ‘अनारनेट’ या ऑनलाइन प्रणालीवर. याचं मूळ द्राक्षात आहे. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले आणि त्या धड्यातून ग्रेपनेट उभं राहिलं. अनारनेट त्याच वळणाचं: बागेची नोंदणी, अंश तपासणीचा अहवाल, पेटीपासून बागेपर्यंतचा माग. नापास माल बोटीवर चढण्याआधीच अडतो. परदेशी बंदरावर नाकारला जाण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

पण तेल्या रोगाने तडकलेलं फळ यातल्या कोणत्याच पडद्यावर येत नाही. ते बागेतच बाजूला पडतं. मला वाटतं, खरं मोठं नुकसान तिथेच आहे. शिवाय सांगोल्याकडे पुष्कळ सौदे बागेतच होतात. व्यापारी भाव ठरवतो, माल तोडून नेतो, आणि पुढचा आलेख शेतकऱ्याला क्वचितच दिसतो. बागेचा क्रमांक अनारनेटवर आहेच. लॉगरची आणि माल कसा पोचला याची नोंद त्याच क्रमांकाखाली शेतकऱ्याच्या मोबाइलवर यायला काय हरकत आहे? कोणत्या तोडणीचा माल आधी बिघडला हे कळलं, तर पुढच्या बहाराची तोडणी तो त्या हिशेबाने करील.