लोखंडाचे अणू मोजले कोणी?

एटापल्लीतल्या अकरावीच्या रसायनशास्त्राच्या तासाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. फळ्यावर उदाहरण होतं: लोखंडाचा नमुना २.८० ग्रॅम, त्यातले अणू ३.०२ गुणिले १० चा २२ वा घात. तर अणुवस्तुमान किती?

वस्तुमानाला अणुसंख्येनं भागायचं. एका अणूचं वस्तुमान येतं ९.२७ गुणिले १० चा उणे २३ वा घात, इतके ग्रॅम. त्याला ॲव्होगॅड्रो अंकानं गुणलं की ५५.८३. अर्ध्या वर्गाचं ते उणे चिन्ह गळालं. एका मुलीनं भागाकारच उलटा केला, तर एका ग्रॅममध्ये किती अणू हे निघालं. उत्तर बरोबरच, फक्त दुसऱ्या प्रश्नाचं.

मोल मात्र कुणाला जड गेला नाही. या पोरांचा उन्हाळा तेंदूपानं गोळा करण्याच्या फळीवर जातो. सत्तर पानांचा पुडका, आणि मजुरी पुडक्यांच्या हिशेबानं. मोल हा अणूंचा पुडका; ७० ऐवजी ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, एवढाच फरक.

"पण सर, पुडका आपण हातानं मोजतो. हे अणू मोजले कोणी?"

पुस्तकातलं उदाहरण इथेच गप्प बसतं. अणुसंख्या आयती देतं आणि फक्त भागाकार करून घेतं, खरी मेहनत तर त्या संख्येत आहे. सरांनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर घन काढला. लोखंडाच्या स्फटिकात अशी घनाकृती घरं एकाला एक लागून असतात आणि प्रत्येक घराच्या वाट्याला दोन अणू येतात. घराची कड क्ष-किरणांनी मोजता येते: ०.२८६६ नॅनोमीटर. लोखंडाची घनता ७.८७४ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. घराच्या आकारमानाला घनतेनं गुणा, दोननं भागा, झालं एका अणूचं वस्तुमान. त्यावरून अणुवस्तुमान येतं ५५.८१.

पुस्तकात ५५.८५ आहे. कडेचा घन करावा लागतो, त्यामुळे तिच्यातली शेकडा चूक उत्तरात तिप्पट होते. चौथा अंक जरा हलला तरी एवढा फरक पडतो. याच रीतीनं, पण फार बारकाईनं, सिलिकॉन-२८ च्या जवळपास एक किलोच्या गोळ्यातले अणू मोजले गेले आणि २० मे २०१९ पासून ॲव्होगॅड्रो अंक कायमचा ठरवून टाकला.

एकानं खिशातून सुरजागडचा लाल दगड काढला. याचं अणुवस्तुमान काढू या? तो शुद्ध हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, धरला, तर दर दोन लोह अणूंमागे ऑक्सिजनचे तीन. ऑक्सिजन वेगळा न काढता एका मोलच्या १५९.७ ग्रॅमला पाचनं भागलं, तर येतात ३१.९४. सरांनी भिंतीवरच्या आवर्तसारणीकडे बोट केलं: गंधक, ३२.०६.