परक्या मूत्रपिंडाशी सलोखा

दात्याचे मूत्रपिंड रुग्णाच्या शरीरात जोडण्याचे काम काही तासांत पुरे होते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. आपल्या रक्तातील टी-पेशी ‘आपले’ आणि ‘परके’ असा भेद करतात. जंतूंशी लढताना हा गुण आपल्याला तारतो. नव्या मूत्रपिंडावर मात्र तोच उलटतो. १९५४ साली बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केलेले प्रत्यारोपण यशस्वी झाले, कारण दाता आणि रुग्ण एकाच फलित अंड्यापासून जन्मलेले जुळे भाऊ होते. इतरांसाठी टी-पेशींना आवर घालणारी औषधे हवीत.

१९६० च्या दशकात अ‍ॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड ही जोडी वापरात आली. अ‍ॅझाथायोप्रिन डीएनए तयार होण्यात अडथळा आणते. त्यामुळे टी-पेशींची वाढ रोखली जाते, पण अस्थिमज्जेतील इतर पेशींनाही त्याचा फटका बसतो.

पुढची औषधे मातीतून मिळाली. नॉर्वेतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले; अमेरिकेत त्याला १९८३ मध्ये मान्यता मिळाली. टी-पेशीत कॅल्सिन्युरिन नावाचे विकर असते. ‘संख्या वाढवा’ हा संदेश देणारे इंटरल्युकिन-२ तयार होण्यास ते मदत करते. सायक्लोस्पोरिन हे विकर बंद पाडते. जपानच्या मातीतील जिवाणूपासून १९८४ मध्ये सापडलेल्या टॅक्रोलिमसची रचना निराळी, पण तेही याच विकराला अडवते. दुर्दैव असे, की ज्या मूत्रपिंडाला वाचवायचे त्यालाच ही दोन्ही औषधे हळूहळू अपाय करतात. ईस्टर बेटावरील मातीतून आलेले सिरोलिमस तशी इजा करीत नाही. ते संदेश तयार होऊ देते, पण पेशीला तो पाळू देत नाही. साहजिकच त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या.

मग श्रेष्ठ कोणते? हे तर्काने ठरत नाही, मोजावे लागते. ‘सिम्फनी’ या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ देशांतील १,६४५ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे चार गटांत वाटले गेले. नेहमीच्या मात्रेत सायक्लोस्पोरिन, कमी मात्रेत सायक्लोस्पोरिन, कमी मात्रेत टॅक्रोलिमस आणि कमी मात्रेत सिरोलिमस असे हे गट होते. मायकोफेनोलेट व स्टेरॉइड सर्वांनाच दिले होते; कमी मात्रेच्या तिन्ही गटांना आरंभी डॅक्लिझुमॅब हे प्रतिपिंडही दिले होते. वर्षभरात नव्या मूत्रपिंडावर शरीराने तीव्र हल्ला केल्याचे प्रमाण वरील क्रमाने २५.८, २४.०, १२.३ आणि ३७.२ टक्के निघाले. ज्याच्याकडून मोठी आशा होती ते सिरोलिमस शेवटी राहिले! मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमताही टॅक्रोलिमसच्या गटात सर्वांत चांगली होती.

म्हणजे निकाल लागला का? पुरता नाही. टॅक्रोलिमसच्या गटात नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण अधिक होते. शिवाय आपल्याकडे क्षयरोग पुष्कळ. त्यावरचे रिफाम्पिसिन यकृतातील विकरे वाढवते. मग टॅक्रोलिमस असो, सायक्लोस्पोरिन असो की सिरोलिमस, रक्तातील त्याची पातळी घसरते आणि मूत्रपिंड धोक्यात येते. म्हणून रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते. दडपण कमी पडले तर मूत्रपिंड जाते. जास्त झाले तर जंतू आणि कर्करोग यांना वाट मिळते.

वर्गात वरील चार आकडे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना औषध निवडायला सांगावे. मग ‘रुग्णाच्या घराण्यात मधुमेह आहे’ एवढेच वाक्य जोडावे आणि त्यांचे उत्तर बदलते का, ते पाहावे. एक गोष्ट मात्र त्यांना आवर्जून सांगावी. टी-पेशी परक्याला विसरत नाहीत. बरे वाटते म्हणून रुग्णाने स्वतःच्या मनाने गोळ्या बंद केल्या, तर दात्याने दिलेले मूत्रपिंड गमवावे लागू शकते.