द्राक्षं उतरली नाहीत, तर वाईनला गावाचं नावच नाही!

पूर्व फ्रान्समधल्या जुरा भागात, कड्याच्या टोकावर शातो-शालों हे जेमतेम दीड-दोनशे वस्तीचं गाव आहे. इथली ‘व्हॅं जोन’ म्हणजे पिवळी वाईन जगात नावाजलेली.

ती बनते साव्हान्यें जातीच्या पांढऱ्या द्राक्षांपासून. एरवी लाकडी पिंपातली वाईन उडून कमी झाली की वरून भर घालतात, नाहीतर हवा लागून ती बिघडते. इथे मुद्दाम भर घालत नाहीत. वाईनवर यीस्टची पातळ साय धरते, तीच हवेपासून राखण करते आणि अक्रोडासारखी चवही देते. सहा वर्षांहून जास्त काळ हे चालतं. लिटरमागे उरतं 62 सेंटिलिटर, असा हिशोब सांगतात. म्हणून बाटलीही तेवढ्याच मापाची!

1936 पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. पण खरी कसोटी तोडणीआधी लागते. मळ्यांची पाहणी होते, द्राक्षं कमी प्रतीची वाटली तर त्या वर्षी कुणाच्याच बाटलीवर ‘शातो-शालों’ लागत नाही. 1974, 1980, 1984 आणि 2001 मध्ये असंच झालं. नुकसान सगळ्यांचंच. माल मग ‘कोत द्यु जुरा’ या साध्या नावाने विकायचा.