सरपणाची गाडी: जोर लोखंडात नाही, आसात

घरच्या घरी सरपणाची लोखंडी गाडी करायची म्हटली की आधी जाड अँगल शोधला जातो. माझ्या मते पहिला विचार आस कुठे बसवायचा याचा हवा. शंभर किलो लाकडाचा भारमध्य आसापासून 40 सेंटिमीटर मुठीकडे असेल आणि मूठ आसापासून 120 सेंटिमीटरवर असेल, तर हातांवर 33 किलो येतात. तोच भारमध्य 10 सेंटिमीटरवर आणला, की आठच किलो उरतात. लोखंड तेवढेच, फरक फक्त तरफेचा. भारमध्य थेट आसावर मात्र नको. चढावर गाडी मागे उलटू पाहते.

गाडी मजबूत नको का, असे कोणी विचारेल. हवीच, पण मजबुती वजनातून येत नाही. तेवढ्याच लोखंडाची पोकळ चौकोनी नळी भरीव सळईपेक्षा कितीतरी कमी वाकते, कारण धातू मध्यापासून दूर गेलेला असतो. भंगारातली नळी जस्ताचा मुलामा दिलेली असेल, तर जोडाजवळचा मुलामा घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करू नये. त्या पांढऱ्या धुराने थंडीताप भरतो. चाक मोठे घ्यावे, लहान चाक दगडाला अडते. बाभळीच्या काट्यांनी हवेचे टायर पंक्चर होतात हा आक्षेप खरा आहे. तिथे भरीव रबर घ्यावे, धक्के थोडे सोसावेत. डोंगरातल्या पायवाटेवर मात्र ही गाडी चालणार नाही. तिथे मोळी डोक्यावरच येते, आणि ओल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणीही असू शकते. म्हणून फाटे आधी वाळवावेत.