भूगोलाचा तास आणि खारपाणपट्ट्याची तहान

दर्यापूर किंवा अकोट तालुक्यातील दहावीचा विद्यार्थी गंगेच्या उपनद्यांची नावे न अडखळता सांगतो. परंतु आपल्याच गावातील विहिरीचे पाणी खारट का, या प्रश्नावर तो बहुधा गप्प बसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरण हा विषय शालेय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले आणि २००३-०४ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा आग्रह धरला. पुढे नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा विषयही आला. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील शाळांना तो शिकविण्यासाठी दूरची उदाहरणे शोधण्याचे कारण नाही. एका दिवसाच्या तासिका पूर्णा नदीला दिल्या, तरी पुरेसे आहे.

पहिली तासिका नकाशाची. उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहत चांगदेवजवळ तापीला मिळणारी पूर्णा. या खोलगट भागात नदीनाल्यांनी युगानुयुगे गाळ आणून टाकला. काही ठिकाणी त्याची जाडी ३०० मीटरहून अधिक आहे. याच गाळाच्या प्रदेशात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला, साधारण पावणेपाच लाख हेक्टरांचा खारपाणपट्टा आहे.

दुसरी तासिका मातीची. येथील माती अतिशय चिकण असून तिच्यातून पाण्याचा निचरा फार सावकाश होतो. पाऊस सुमारे ७०० ते ८०० मिलिमीटर आणि उन्हाळा कडक. परिणामी मातीतील क्षार वाहून न जाता साचत राहतात. त्यांतील सोडियमचे प्रमाण वाढले की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, बारीक छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. अशी जमीन पावसात चिखल होते, तर उन्हात टणक होऊन भेगाळते.

हे वर्गातच दाखविता येते. चोपण जमिनीची चिमूटभर माती पावसाच्या पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत ढवळावी आणि एकात थोडे जिप्सम टाकावे. काही वेळाने जिप्समच्या पेल्यातील पाणी निवळू लागते, दुसऱ्यातील गढूळच राहते. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि कण एकत्र येऊन तळाशी बसतात. मात्र प्रयोगासाठी विहिरीचे खारे पाणी घेऊ नये. त्यातील क्षारांमुळेही कण खाली बसतात आणि फरक दिसत नाही. शेतातही नेमके हेच घडते. खारे पाणी दिलेल्या जमिनीचे नुकसान लगेच कळत नाही; पावसाचे गोडे पाणी पडले की कण सुटतात आणि जमीन मिटते.

तिसरी तासिका पाण्याची, म्हणजेच माणसांची. भूजल असूनही ते पिण्यास व ओलितास निरुपयोगी, ही या पट्ट्याची खरी शोकांतिका होय. म्हणूनच सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शहानूर आणि वान या धरणांचे पाणी नळयोजनांद्वारे येथील गावांना पुरविले जाते. योजना बंद पडली की हंडा घेऊन पुन्हा पायपीट सुरू होते. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारीही या भागातून सातत्याने येतात. शेती मुख्यतः पावसावर. कापूस, तूर, मूग, ज्वारी आणि ओल टिकली तर हरभरा. बोअर खोदून हा प्रश्न सुटत नाही. शेततळ्यात साठविलेले पावसाचे पाणी, बोरू-धैंचासारखी हिरवळीची खते, जिप्सम आणि सरी-वरंब्याची लागवड हेच येथले मार्ग आहेत. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातील गावांचा समावेश करण्यात आला, तो याच कारणाने.

दिवसाचा शेवटचा भाग नोंदवहीसाठी ठेवावा. प्रत्येक विद्यार्थ्याने घरी पाणी कोठून येते, किती दिवसांनी येते आणि ते कोण भरते, एवढेच लिहून आणावे. या नोंदी गावाच्या नकाशावर मांडल्या, म्हणजे पाण्याचा भूगोल आपोआप उभा राहील. उद्या हीच मुले शेती करतील, ग्रामसभेत बसतील. बोअरवर खर्च करायचा की शेततळ्यावर, हा निर्णय त्यांनाच घ्यावा लागणार आहे. तो घेताना पूर्णेचा हा धडा आठवला, तर भूगोलाचा तास सार्थकी लागला असे म्हणता येईल.