मुलांचे प्रवेश आणि अधिवासाचा दाखला



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी यांबद्दल लिहीत असतो. या खेपेला विषय निराळा आहे. मे-जूनमध्ये आडसालीच्या तयारीसाठी आमची माणसे गटागटांत फिरतात, तेव्हा उसाची चौकशी संपली की घरोघर एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, पोरीला इंजिनिअरिंगला घालायचं म्हणतोय, हे डोमिसाईल म्हणजे काय भानगड आहे?" कुणी ग्रामपंचायतीचा कागद दाखवतो, कुणी सात-बारा पुढे करतो, कुणी तर कारखान्याचा शेअर दाखलाच घेऊन येतो. यातला एकही कागद अधिवासाचा दाखला नव्हे. आपले कार्यक्षेत्र दूधगंगा-वेदगंगेच्या काठाने राज्याच्या सीमेला लागून असल्याने हा प्रश्न आपल्याकडे जास्तच अवघड होतो. सबब या बाबतीत जी माहिती आहे ती एका ठिकाणी मांडावी असे आम्हांस वाटले.

नोंद नाही तर तोड नाही

एक उदाहरण सांगतो. आपल्या एका सभासदाची मुलगी पहिलीपासून बारावीपर्यंत महाराष्ट्रातच शिकली. घर इथले, शेती इथली, तीन पिढ्यांचा ऊस आपल्याच गव्हाणीत. पण पहिले बाळंतपण माहेरी या रीतीप्रमाणे मुलीचा जन्म आईच्या माहेरी, म्हणजे सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात झालेला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ तेच लिहिलेले. प्रवेशाच्या वेळी कागद तपासणारे म्हणाले, "जन्म महाराष्ट्रातला नाही, मग अधिवासाचा दाखला दाखवा." दाखला काढलेलाच नव्हता आणि मुदत दोन दिवसांवर आलेली. दाखला त्या मुदतीत हाती आला नाही. मुलीचा अर्ज महाराष्ट्राबाहेरच्या उमेदवारांत गेला, फी सवलतही गेली. शेवटी वडिलांनी सोसायटीचे कर्ज थकीत ठेवून पूर्ण फी भरली.

मुलगी महाराष्ट्राची नव्हती असे कुणीच म्हटले नाही. ती महाराष्ट्राची आहे एवढे सांगणारा कागद नव्हता. ऊस रानात उभा असला तरी नोंद वेळेवर नसेल तर तोड लांबते, हे आपल्याला ठाऊक आहे. प्रवेशाचेही तसेच आहे.

हा नियम आला कुठून?

पुष्कळ जण विचारतात, देश एक असताना राज्याराज्यांत हा भेद का? प्रश्न रास्त आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात त्या वेळच्या मध्य भारत राज्यातील रहिवासी विद्यार्थ्यांना जादा फी माफ होती, बाहेरच्यांना ती भरावी लागे. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याविरुद्ध दाद मागितली. १९५५ साली न्यायालयाने सांगितले की, घटनेच्या १५ व्या कलमात जन्मस्थळावरून भेदभाव करण्यास मनाई आहे, पण रहिवास ही जन्मस्थळाहून वेगळी गोष्ट आहे. राज्य आपल्या तिजोरीतून कॉलेज चालवते, तेव्हा आपल्या रहिवाशांना सवलत देणे गैर नाही.

पुढे १९८४ मध्ये न्यायालयाने बजावले की भारतात कायद्याने अधिवास एकच, तो भारताचा. त्यामुळे सगळ्याच जागा राज्यातल्यांसाठी ठेवता येणार नाहीत. त्यातूनच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या १५ टक्के जागा देशभरासाठी आणि ८५ टक्के राज्यासाठी अशी आजची वाटणी आली. जानेवारी २०२५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणासाठी रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरले. पहिल्या पदवीसाठी मात्र ते चालू आहे. म्हणजे आपल्या मुलांच्या दृष्टीने हा दाखला आजही महत्त्वाचाच आहे.

तीन दरवाजे, तीन कुलपे

सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. एका अभ्यासक्रमाचा नियम दुसऱ्याला लागू असेल असे लोक धरून चालतात. तसे नाही.

पहिला दरवाजा राज्याच्या सीईटीतून होणाऱ्या इंजिनिअरिंग प्रवेशाचा. इथे महाराष्ट्राचा उमेदवार ठरण्याच्या वाटा अनेक आहेत. दहावी व बारावी (किंवा डिप्लोमा) दोन्ही महाराष्ट्रातून झाली असेल आणि उमेदवाराचा जन्म महाराष्ट्रातला असेल किंवा त्याच्याकडे अधिवासाचा दाखला असेल, तर तो 'ए' प्रकारात येतो. दहावी-बारावी बाहेर झाली असली, तरी उमेदवाराचा स्वतःचा, वडिलांचा किंवा आईचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल तर 'बी' प्रकारात येता येते. 'सी' आणि 'डी' हे प्रकार सरकारी नोकरांच्या मुलांसाठी आहेत. 'ई' प्रकार सीमाभागासाठी आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

दुसरा दरवाजा मेडिकलचा. नीटची परीक्षा देशभर एकच असली तरी राज्याच्या जागांसाठी दहावी महाराष्ट्रातून, बारावी महाराष्ट्रातून आणि अधिवासाचा दाखला, अशी तिन्ही कुलपे उघडावी लागतात. इथे केवळ वडिलांच्या दाखल्यावर भागत नाही. काही जण मुलाला अकरावी-बारावीसाठी राजस्थानात कोट्याला पाठवतात आणि बारावीचा फॉर्मही तिकडूनच भरतात. क्लास कुठेही करा, पण बारावीची परीक्षा बाहेरच्या राज्यातील शाळेतून दिली तर महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांतले दार सर्वसाधारणपणे बंद होते. पोरगं हुशार निघालं, मार्क पडले, आणि जागा नाही, अशी गत होते.

तिसरा दरवाजा एनआयटीचा. आपल्या राज्यात नागपूरला ही संस्था आहे. तिथल्या निम्म्या जागा स्वतःच्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. पण तिथे 'स्वतःचे राज्य' म्हणजे बारावी जिथून पास झाली ते राज्य. तिथे ना जन्म पाहतात, ना वडिलांचे घर. मुलाने बारावी निपाणीतून केली तर त्याचे राज्य कर्नाटक धरले जाते आणि त्याचा हक्क सुरतकलच्या एनआयटीत लागतो. आयआयटीत राज्याचा कोटा मुळीच नाही.

तात्पर्य, मुलाला पुढे कुठे जायचे आहे याचा विचार आठवी-नववीतच करावा. बारावीनंतर दाखला काढता येतो, पण दहावी कुठे झाली ते बदलता येत नाही.

सीमेवरच्या सभासदांसाठी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपल्या भागात भावकीच्या रानांतून हद्द गेली. घर एका राज्यात, विहीर दुसऱ्या राज्यात, सोयरीक दोन्हीकडे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागात ८६५ गावे आहेत. तो वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. या भागातून दहावी किंवा बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना इंजिनिअरिंगला वर सांगितलेल्या 'ई' प्रकारातून महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. मेडिकललाही सीमाभागासाठी मोजक्या जागा वेगळ्या असतात. त्यासाठी गाव त्या यादीत असल्याचा व मातृभाषेचा दाखला नमुन्याप्रमाणे लागतो. निपाणी बाजूच्या सभासदांनी ही संधी वाया घालवू नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. गडहिंग्लज, जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नड बोलणारे शेतकरी बरेच आहेत. मुलगा तिथे सात वर्षे शिकला असेल आणि मातृभाषा कन्नड असेल, तर कर्नाटकच्या सीईटीत 'गडिनाडू' म्हणून अर्ज करण्याची सोय त्या राज्याने ठेवली आहे. त्यासाठी कन्नड भाषेची परीक्षा द्यावी लागते. एरवी कर्नाटकाची सर्वसाधारण अट पहिली ते बारावीच्या दरम्यान सात वर्षे त्या राज्यात शिकल्याची आहे.

एक गैरसमज मात्र डोक्यातून काढून टाकावा. रान महाराष्ट्रात आहे म्हणजे माणूस महाराष्ट्राचा रहिवासी झाला, असे होत नाही. कारखान्याचा शेअर, उसाचे बिल, सात-बारा हे मालकीचे आणि व्यवहाराचे पुरावे आहेत. अधिवासाला माणूस कुठे राहतो ते पाहतात. दुसऱ्याच्या पत्त्यावर खोटा दाखला काढून मिळवलेला प्रवेश रद्द होतो आणि वर फौजदारीही होऊ शकते. चार-दोन जणांनी असे सल्ले दिल्याचे कानावर आले, म्हणून स्पष्ट लिहिले.

दाखला काढायचा कसा

या कागदाचे पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र'. अर्ज गावच्या आपले सरकार केंद्रावर किंवा तालुक्याच्या सेतूत करता येतो. दाखला महसूल खाते देते. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला हा त्याला जोडायचा एक पुरावा आहे, तो दाखल्याच्या जागी चालत नाही. मुख्य अट महाराष्ट्रातील सलग १५ वर्षांच्या रहिवासाची. त्यासाठी पुढील कागद गोळा करून ठेवावेत.

१. मुलाचा जन्मदाखला आणि पहिलीपासूनच्या शाळेचा बोनाफाईड किंवा शाळा सोडल्याचा दाखला.

२. वडिलांचा शाळेचा दाखला, शिधापत्रिका, जुनी वीजबिले, घरपट्टीच्या पावत्या. मुलगा अज्ञान असल्यास वडिलांच्या रहिवासाचा पुरावा फार उपयोगी पडतो.

३. तलाठ्यांचा (या हुद्द्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे) रहिवासाबाबत दाखला.

४. आधार कार्ड, फोटो आणि स्वयंघोषणापत्र.

कागद देण्यापूर्वी नावे जुळवून पाहावीत. सात-बारावर 'बापू', आधारवर 'बाबासाहेब' आणि मुलाच्या दाखल्यावर 'बाबूराव', असा प्रकार आपल्याकडे घरोघर आहे. माणूस एक, कागदावर तिघे. तसेच शाळेच्या रजिस्टरमधील जन्मस्थळ व जन्मतारीख मूल शाळेत असतानाच तपासावी. शाळा सुटल्यावर दुरुस्ती फार जिकिरीची होते. अधिवासाचा दाखला एकदा काढला की उत्पन्नाच्या दाखल्यासारखा पुन्हा पुन्हा काढावा लागत नाही. म्हणून नववी-दहावीतच काढून ठेवलेला बरा. जून-जुलैत सेतूपुढे रांग असते आणि आपल्याही लागणी त्याच वेळी असतात.

फीचा हिशेब

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, त्यापूर्वी आपल्या भागातील पुष्कळ मुले देणगी भरून कर्नाटकात शिकायला जात. आता कॉलेज जवळ आले, पण फी वाढली. तिथे शासनाच्या योजना कामी येतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत खुल्या वर्गातील, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबातील मुलांची निम्मी शिक्षण फी शासन भरते. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून त्याच उत्पन्न मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी माफ झाली आहे. अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. या सर्वांची पहिली पायरी महाराष्ट्राचा उमेदवार असणे आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असणे, ही आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने घेतलेल्या प्रवेशाला या सवलती लागत नाहीत.

तोडणी मजुरांचीही मुले

आणखी एक विनंती. आपल्याकडे येणाऱ्या टोळ्यांतील काही कुटुंबे आलटून-पालटून कर्नाटकातील कारखान्यांनाही जातात. हंगामात फडावर मूल जन्मले तर त्याची जन्मनोंद २१ दिवसांत, जिथे जन्म झाला तिथेच करावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. तोड संपली की टोळी गावी जाते आणि नोंद राहून जाते. मुकादमांनी आणि फडाच्या मालकांनी एवढे पाहिले तरी त्या लेकरावर उपकार होतील. बीडच्या मुलाचा जन्म निपाणीत झाला म्हणून तो कर्नाटकाचा होत नाही, पण त्यालाही पुढे हाच दाखला लागणार आहे.

प्रवेशाचे नियम दरवर्षी सीईटी कक्षाच्या माहिती पुस्तिकेत छापून येतात. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची पुस्तिका अवश्य वाचावी किंवा वाचून घ्यावी. ज्या सभासदांची मुले यंदा आठवी ते दहावीत आहेत त्यांनी आपल्याकडे कोणते कागद आहेत याची यादी करून गट कार्यालयात यावे. आमचे शेतकी मदतनीस ती पाहून कशाची उणीव आहे ते सांगतील. आडसालीच्या लागणीआधी एक दिवस यासाठी काढावा, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी