नगररचनाकार : गरज, पदे आणि वेतन (वाकोल्याच्या संदर्भात)

नगररचना या व्यवसायाची गरज समजून घेण्यासाठी मुंबई उपनगरातील वाकोला हे उदाहरण पुरेसे बोलके आहे. येथील नाला मिठी नदीस मिळतो. विमानतळ लगत असल्याने इमारतींच्या उंचीवर मर्यादा येते आणि त्यामुळे झोपडपट्टी पुनर्वसनाचे आर्थिक गणित अवघड होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्या वेळी मिठीच्या खोऱ्यातील बराच भाग पाण्याखाली गेला. नाला महानगरपालिकेकडे, पुनर्वसन स्वतंत्र प्राधिकरणाकडे, शेजारचे वांद्रे-कुर्ला संकुल एमएमआरडीएकडे आणि उंचीची परवानगी विमानतळ प्राधिकरणाकडे, अशी येथील विभागणी आहे. या सर्वांचा एकत्रित विचार करणे हेच नगररचनाकाराचे काम होय.

गरज अशी उघड असली तरी पदे मात्र अल्प आहेत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील राज्यांच्या नगररचना विभागांत अवघी ३,९४५ पदे मंजूर होती आणि त्यांपैकी ४२ टक्के रिक्त होती; म्हणजे शहरामागे एक पदही नाही. आणखी ८,२६८ पदांची आवश्यकता अहवालाने नोंदविली.

महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमान्वये विकास आराखडा तयार करणे नियोजन प्राधिकरणांस बंधनकारक आहे. तथापि, २०२४ मध्ये नगररचना विभागाने रचना सहायकाची २६१ पदे जाहीर केली, तेव्हा स्थापत्य वा वास्तुशास्त्र यांसारख्या विषयांतील पदविका पुरेशी मानली गेली. वेतनश्रेणी ३८,६००-१,२२,८०० रुपये (भत्ते वेगळे) होती. सहायक प्राध्यापकाचे प्रारंभिक मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, हे येथे लक्षात घ्यावे. पुण्याच्या सीओईपीमध्ये किंवा दिल्लीच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयात चार वर्षे नियोजन शिकलेल्या पदवीधरास त्या पदविकेपेक्षा अधिक लाभ या भरतीत नव्हता. असा विद्यार्थी साहजिकच सल्लागार कंपन्या वा बांधकाम व्यवसायाकडे वळतो. तेथील मोबदला अनुभव, संगणकीय नकाशाशास्त्रातील कौशल्य आणि प्रकल्पाचा आवाका यांनुसार ठरतो. तो प्रकल्पाबरोबर संपूही शकतो.

अमेरिकेत मे २०२३ मध्ये या व्यवसायाचे मध्यक वार्षिक वेतन ८१,८०० डॉलर होते. डॉलरच्या आकड्याहून महत्त्वाची बाब अशी की, तेथील बहुसंख्य नियोजक स्थानिक शासनसंस्थांच्याच सेवेत असतात. आपल्याकडे हे काम अनेकदा बाहेरच्या सल्लागारांवर सोपविले जाते. मुंबईच्या विकास आराखड्याचा २०१५ मधील मसुदा अनेक चुकांमुळे फेरतपासणीसाठी परत पाठवावा लागला आणि सुधारित आराखड्यास मंजुरी मिळण्यास २०१८ साल उजाडले.